सहा गिगाबिट

खोक्यावर छापलंय: सेकंदाला सहा गिगाबिट.
मिसेस ऑलरेन्शॉ त्यावर बोट आपटतात,
जणू मीच छापलंय.
"केबलसुद्धा नवी घेतली. अठरा पौंड.
आणि हे बघ, गोगलगाय पुढे जाईल."

हडर्सफील्ड, जानेवारी. साडेतीनलाच दिवे.
दुकानातल्या हीटरला जळक्या धुळीचा वास.

मी सांगतो, तो आकडा दोराचा आहे, पाण्याचा नाही.
दोर कितीही जाड आणा,
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?
इंग्रजीत म्हणताना आडाचा नळ होतो
आणि पोहरा वाटेतच सांडतो.

एकच मोठी फाइल असती तर शंभर एमबी तरी धावले असते.
पण यांनी शेडच्या छपरावर पर्जन्यमापक बसवलं,
अकरा वर्षं,
दर पंधरा मिनिटांना एक फाइल.
पावणेचार लाखांवर.
एकेकीत दीड ओळ:
पाऊस ०.२, वारा नैऋत्येचा.
क्वचित हाताने घातलेलं: मांजर परत आलं.

तबकडी गरगर फिरते आहे
आणि हेड एकेका ओळीसाठी
उठतं, जातं, थांबतं, जागा सापडली की वाचतं,
पुन्हा उठतं.
दहा-बारा मिलिसेकंद. आपल्याला काहीच नाही.
पावणेचार लाख वेळा मात्र.

"म्हणजे चूक माझीच?"
नाही हो, टापटीप तुमची.

त्या हसतात. डब्यातून अंड्याचं सँडविच काढून
अर्धं माझ्यापुढे सरकवतात.
"तू बरा आहेस ना, लव्ह?"

"ऑल राइट," मी म्हणतो.
लगेच. विचारण्याआधीच तयार होतं ते,
कॅशमधून आलं.
पहिले पाच सेकंद सगळ्याच डिस्क वेगवान असतात.

त्या बघत राहतात.
आत कुठेतरी टक्, टक्.
खरं उत्तर एका जागी नाहीच,
थोडं विमानतळावर, थोडं भाड्याच्या खोलीत,
थोडं एका न केलेल्या फोनमध्ये.

स्क्रीनवर: तीन मिनिटं बाकी.
मग: चार तास.
मग: बावीस मिनिटं.
त्या स्टूल ओढून घेतात.

"मला घाई नाही," म्हणतात,
आणि मी पाव चावता चावता
पहिली दीड ओळ शोधतो.