ओम्बाक

एकाच सुराच्या दोन पट्ट्या
आम्ही कधी सारख्या घडवत नाही.
एक जराशी उतरलेली, एक जराशी चढलेली.
सुट्टी वाजवा, प्रत्येकीचा आवाज सरळ,
ताणलेल्या दोरीसारखा.
दोघी मिळून वाजवा,
की काशाच्या अंगावर कापरं भरतं:
फुगतं, ओसरतं, फुगतं, ओसरतं,
सेकंदाला सात वेळा.
त्याला आम्ही ओम्बाक म्हणतो. लाट.
समुद्रातलीलाही आमच्या बालीत हाच शब्द.

लाट दोघींपैकी कुठल्या पट्टीत असते,
असं मी लहानपणी विचारलं होतं.
कुठल्याच नाही, बाबा म्हणाले.
शेजारी चालणारी दोन माणसं बघ,
एकाची पावलं किंचित भराभर.
मध्येच दोघांचं पाऊल एकदम पडतं,
मध्येच एकाचं पडताना दुसऱ्याचं उचललेलं.
एकदम पडतं तेव्हा चढते ती.
उचललेलं असतं तेव्हा उतरते.
बस, एवढंच.

बाबांना ऐकू येईनासं झालंय
हे आधी कानशीला कळलं.
पट्टी मध्ये खरवडली की सूर उतरतो,
टोकं घासली की चढतो.
सगळ्यात धाकटी पट्टी त्यांनी
मध्ये खरवडली, टोकं घासली, परत मध्ये,
परत टोकं,
शेवटी ती हातात वाकली.

देनपसारच्या इस्पितळात
काचेच्या खोलीत बसवलं त्यांना.
आवाज आला की बटण दाबायचं.
दाबत होते, दाबत होते,
मग नुसतेच बसून राहिले,
शाळेतल्या मुलासारखे,
अंगठा तयार ठेवून.

देसाक रात्नी नावाची बाई होती तिथे.
तिने कानामागच्या हाडावर काहीतरी टेकवलं,
आवाज हाडातून आत सोडून पाहिला,
मग म्हणाली, रस्ता चांगला आहे.
पडदा चांगला, त्यामागची तीन इवली हाडं चांगली.
रस्ता पोचतो तिथलं गाव उठलंय.
आत म्हणे एक शंख असतो, अडीच वेढ्यांचा,
पाण्याने भरलेला, आत केसांच्या रांगा.
जाडे सूर खोलवर जाऊन बसतात,
बारीक सूर दाराशीच.
येणारा प्रत्येक आवाज दारावरूनच जातो,
चाळीस वर्षांचा तो हातोडासुद्धा,
म्हणून उंबरा आधी झिजतो.
गेलेले केस परत उगवत नाहीत.
डोक्यावरचे तरी कुठे उगवतात, बाबा म्हणाले,
आणि परतताना स्कूटरवर मागे बसून
क्लुंगकुंग येईपर्यंत
एक अक्षर बोलले नाहीत.

आता धाकट्या पट्ट्या मी ऐकते.
कोमांग वाजवतो,
मी बाबांच्या मनगटावर
दोन बोटांनी लाट मोजून देते,
जमेल तितक्या भरभर.
ते डोळे मिटून म्हणतात, जास्त आहे, वरची उतरव.
अजून. थोडी अजून. थांब.
कातडीला एवढं कळतं
हे देसाक रात्नीला सांगायला हवं होतं.

अख्ख्या संचाला लाट एकच लागते.
बाबांची सात. आजोबांचीही सात होती.
मागच्या महिन्यात, एका देवळाचा संच करताना,
मला सात नको वाटले.
सहा बरे वाटले, संथ,
पोट भरल्यावरच्या समुद्रासारखे.
मी धाकट्या पट्ट्या सहावर आणून थांबवल्या
आणि मनगटावर सात वाजवले.
छान, बाबा म्हणाले.
हात मात्र काढून घेतला नाही लगेच.

मोठ्या पट्ट्या त्यांना अजून ऐकू येतात.
त्या त्यांनी आधीच लावून ठेवलेल्या, सातच्या.
सकाळी मी भट्टीपाशी आले
तर जमिनीवर काशाचा ताजा कीस,
कानशी जागेवर नाही,
बाबा ओसरीवर गाढ झोपलेले.
मी मोठ्या पट्टीवर हात मारला,
मग तिच्या जोडीदारणीवर, मग दोघींवर,
आणि मोजलं.
परत मोजलं.

सहा.