प्रश्न सतरावा

यवतमाळच्या कॉलेजातून पोरगा आला, हातात फॉर्म.
प्रश्न सतरावा:
आपल्या उद्योगातून आपणास समाधान मिळते का?
हो. नाही. सांगता येत नाही.

थांब बाबू, म्हटलं, लाइन आली.
लाइन आली की आमच्या डाळ मिलमध्ये
कोणीच समाधानी नसतं, सगळे पळत असतात.

रंजूनं पट्टा चढवला. तूर उतरली.
पिवळी धूळ त्याच्या शर्टावर,
माझ्या भुवयांवर, गजाननाच्या फोटोवर.
नऊ वर्षं झाली, डोकं कितीही धुवा,
उशीला तुरीचाच वास.
हे लिहू का, त्यानं विचारलं.
लिही की.

हेही लिही, अख्खी डाळ घाटंजीच्या बाजारात जाते,
घरी चुरीचं वरण.
बँकेचा हप्ता पाच तारखेला.
नणंदेवर अक्षता पडत होत्या तेव्हा मी
मांडवामागे, एका कानात बोट घालून,
गजभिये मिस्त्रीला बेअरिंगचा नंबर सांगत होते.
अजून बोलते ती मला.

रात्रपाळीला सासरे बसतात.
त्या खडखडाटात मला गाढ झोप लागते,
मिल बंद पडली
की दचकून जाग येते.

हे कुठं लिहायचं ते त्याला सुचेना.
पेन चावत बसला,
तिन्ही चौकोन तसेच कोरे.

जाताना किलोभर डाळ मागितली त्यानं, आईसाठी.
पैसे मोजून घेतले.
मग पिशवी पुन्हा उघडायला लावली
आणि वरून एक मूठ टाकली.

काकू, वजन चुकलं, रंजू ओरडली.
चुकू दे, म्हटलं. तू पट्टा बघ.