वरचा थर

बन्सी गांगुर्डेने पहारीचं टोक घातलं
आणि इंदिरानगरच्या दुसऱ्या मजल्यावर
एक समुद्र कडकन उचकटला.

शहाबादी फरशी. दीड फुटी, निळसर राखाडी.
बाबांनी अठ्ठ्याऐंशी साली ट्रकभर आणवलेली,
एकेक ठोकून, दोन चिरलेल्या परत पाठवून.
आता तिच्या जागी चकचकीत टाइल्स येणार,
ज्यांना काहीच आठवत नाही.

नाशिकचा खडक आगीचा.
समुद्राबद्दल त्याला विचारू नये.
वीस वर्षं मी या गावात रसायन शिकवते
आणि समुद्र माझ्या पायाखाली होता;
रोज त्यावर ओलं फडकं फिरवत होते.

म्हणून एक तुकडा उचलला, स्वयंपाकघरातला.
दातांच्या डॉक्टरकडचं जुनं ड्रिल,
चिमूटभर भुकटी, सौम्य आम्ल.
फसफसली.
कोट्यवधी वर्षं कोंडलेला उच्छ्वास
काचनळीतून माझ्या नाकाशी आला.
वास कसलाच नव्हता.

प्रश्न साधा: त्या पाण्यात प्राणवायू होता का?
साक्षीदार मात्र तऱ्हेवाईक.
आयोडीन, पाण्यात हवा असेल तरच चुन्यात मुरतं,
हवा सरली की उंबऱ्याबाहेर थांबतं.
सिरियमचं उलट:
हवा असेल तर तेच उठून जातं,
आणि भावंडांच्या पंगतीत
त्याचं पान रिकामं दिसतं.

पुण्याहून शाल्मली दातारचा फोन:
‘आयोडीन भरपूर आहे गं,
तुझा समुद्र छान श्वास घेत होता.’
मी दिवसभर उगाच आनंदात.
रात्री पुन्हा तीच: ‘थांब.
सिरियमचं पान भरलेलं आहे.
दोघं एकदम खरं बोलत नाहीयेत.
कुठला तुकडा होता?’

ओट्याखालचा.
लोणच्याच्या बरण्यांची जागा.
तीस वर्षं तिथे मीठ सांडलं,
पुड्यातलं, आयोडीन घातलेलं,
घाईत पायाने सारलेलं.
पहिल्या आकड्यात समुद्र नव्हता.
आई होती.

‘वरचा थर खरवडून टाक,
आतला दे, कुणाचा हात न लागलेला.’
दिला.
आयोडीन जवळजवळ नाहीच.
सिरियम पानावर बसलेलं, हललेलं नाही.
म्हणजे पाणी होतं, ऊन होतं,
चुना संथ साचत होता,
आणि श्वास घ्यायला फारसं काही नव्हतं.
एका तुकड्यावरून अख्खा समुद्र ठरत नसतो,
असं तिने बजावलं. तेही वहीत लिहिलं.

मधल्या खोलीत बन्सी थांबला होता.
‘ताई, हा डाग निघेना.’
खाटेच्या उशाशी गंजाचा गोल,
सिलिंडरच्या बुडाएवढा.
सातपूरहून भरून यायचा तो.
भिंतीवर पेन्सिलीने मी काटा लिहायचे:
एकशे दहा. सत्तर. तीस.
लोखंडाने थोडासा घेतला असणार,
आईच्या वाट्याचा नव्हे, खोलीतलाच,
आणि खाली सही केली.

‘तेजाब टाकू? लगेच जाईल.’
डाग जाईल, त्याच्याबरोबर दगडही,
फसफसत.
नको म्हटलं. ही एक सबंध काढ.

त्याने काढली, गॅलरीत आडवी ठेवली.
दुपारी तिच्यावरच डबा उघडला,
मुठीने कांदा फोडला
आणि पुडीतलं मीठ ओतलं
गोलाच्या शेजारी,
थेट दगडावर.