गेरूचा दोर

सभेच्या दिवशी, उजाडता उजाडता,
दोन सिथियन गुलाम चौकात दोर ताणून उभे राहतात,
ओल्या गेरूत बुडवलेला.
कांदे निवडणारे, वामीचा भाव करणारे,
नुसतेच खांबाला टेकून
दुसऱ्याची उणीदुणी काढणारे,
सगळे नागरिक, सगळे स्वतंत्र,
शेळ्यांसारखे टेकडीकडे हाकले जातात.
वर जाऊन हात उंचवायचा असतो त्यांना.
ज्याच्या शालीला लाल लागलं, तो रेंगाळला.
त्याला दंड.

दोर धरणाऱ्यांतला एक सौरिस.
त्याचा मालक म्हणजे हे अख्खं अथेन्स.
"म्हणून मला फटके कुणी मारायचे,
यावरही यांना सभा घ्यावी लागते,"
असं म्हणून तो एकटाच हसतो.
त्याचे तळवे वर्षभर लाल.
त्याला दंड नाही.

मी धोबीखान्यात तुडवते.
हौदात शिळं मूत, किमोलोसची पांढरी माती,
आणि पोटऱ्यांपर्यंत मी.
मला थ्रात्ता म्हणतात. म्हणजे थ्रेसची बाई.
आमच्या गल्लीत अशा चार थ्रात्ता.
हाक आली की चौघीही मान वर करतो.

एकदा खैरेस्त्रातोसच्या घरून निरोप आला:
मागच्या दारानं ये, बोभाटा नको.
माडीवर मागापाशी त्याची बायको, फानोस्त्राते,
मांडीवर नवऱ्याची शाल घेऊन बसलेली.
काठाला वीतभर गेरू.
"कुठे लागला हा?"
"चौकात, बाई. वामी विकतात तिथे."
"वामी कशा ठेवतात विकायला?"
"पाल्यात गुंडाळून. काही अजून वळवळतात."
ती थोडा वेळ गप्प राहिली.
मग झऱ्याचं विचारलं, चांभारांच्या आळीचं,
टेकडीच्या चढाचं.
गेल्या शरदात बायकांच्या सणाला बाहेर पडली होती ती,
नंतर एकदा सासऱ्याच्या मयताला.
"वर काय बोलतात ते तुला ऐकू येतं?"
"शब्द नाही येत, बाई. घागर भरताना
नुसतं घोंगावणं येतं,
पोळं उठवल्यासारखं."

तिनं अंगठा जिभेला लावला,
डागावर घासला,
आणि मनगटावर आतल्या बाजूनं
एक आडवी रेघ ओढली.
"मला उशीर झाला," म्हणाली.
मी हसणार होते. ती हसत नव्हती.

मग माझा हात धरून तिनं बाही मागे सारली.
कोपराखाली हरीण आहे माझ्या,
आईनं सुईनं टोचून काढलेलं, सात वर्षांची असताना.
तिकडे त्याचा अर्थ, चांगल्या घरची पोर.
इकडे त्याचा अर्थ,
पळाली तर हिला ओळखा.
"हे जातं का धुतल्यानं?" तिनं विचारलं.
खरंच विचारत होती ती.

शाल तीन वेळा तुडवली.
गेरू हट्टी असतो, पण लोकरीचा स्वभाव मला ठाऊक आहे.
घडीच्या आत थोडं गुलाबी राहिलं,
ते मी वळवून ठेवलं.
मिळालेला ओबोल मालकानं घेतला.

पुढच्या सभेत हात कशासाठी वर गेले
ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.
चौथ्या दिवशी धोबीखान्यात साठ शाली आल्या,
जाड, प्रवासाच्या, खांद्याला चिलखत घासून विरलेल्या,
उद्यापर्यंत हव्यात म्हणून.
सौरिस दारात उभा होता. माझ्याकडे बघून
त्यानं लाल हात वर केला,
मतदान करतात तसा,
आणि लगेच खाली घेतला.

ढिगात वरून तिसरी
खैरेस्त्रातोसची होती.