चौकोन क्रमांक अकरा

फक्की मारून आम्ही चौकोन आखले,
पाच उभे, चार आडवे.
सुतळी, खुंट्या,
आणि आवळ्यांकडून उसनी आणलेली पहार.
शाळा सुटली तशी पोरं आली,
दोन पार्ट्या पाडून उभी राहिली.
"मॅडम, मधली रेघ कुठाय?"
कबड्डीचं ग्राउंड नाही रे हे,
म्हणेपर्यंत एकजण दम धरून
सात नंबरात शिरलासुद्धा.

सांगलीच्या या टोकाला रिक्षावाले अजून भट्टीच म्हणतात.
भट्टी बंद पडून बावीस वर्षं झाली.
इथं जुन्या बॅटऱ्या फोडायचे,
शिसं वितळवून लगडी पाडायचे.
शेठ गेला, यंत्रं गेली, पत्रे गेले,
कामगारांचा शेवटचा पगार तर आधीच गेला होता.
राहिली ती जागा.
कुणाची म्हणून विचारलं
तर नगररचनेत एक फाईल निघते, महसुलात दुसरी,
आणि दोन्ही नकाशांत
ओढा वेगवेगळीकडून वाहतो.

प्रत्येक चौकोनातून
वीतभर खोल एक, हातभर खोल एक,
पिशवीत माती भरायची, नंबर टाकायचा.
वास नाही. रंग तोच.
अकरा नंबरात मात्र मेथी होती.

तानूबाई आवळे कडेला उकिडव्या बसून बघत होत्या.
"हळू गं. मुळं नको तोडूस,
उद्या बाजार आहे."

हरिपूरला नदीकाठी पेवं असायची.
माझे आजोबा हळदीची पोती काढायला आत उतरायचे.
आधी कंदील सोडायचा दोरीनं.
विझला, तर थांबायचं.
जमिनीच्या पोटात वर्षानुवर्षं हळद,
कीड नाही, रंग उतरत नाही.
माती कुणाची ठेव मोडत नाही, म्हणायचे.

शिशाचीही मोडली नाही तिनं.

अहवाल सतरा दिवसांनी आला.
अकराचा आकडा मी दोनदा वाचला,
मग मशीन बिघडलं असेल म्हणून
तीच माती पुन्हा लावली.
मशीन चांगलं होतं.

समाजमंदिरात बैठक.
काय काय सांगायचं ते कागदावर लिहून नेलं होतं:
हात धुवा. पोरांचं रक्त तपासून घ्या.
खाण्याजोगं काही लावू नका.
मागून कुणीतरी म्हणालं,
पूर्वी आमच्या कानात ओतायचे म्हणे,
आता पायातून चढवतात.
कुणी हसलं नाही.
एक खुर्ची सरकली.

तानूबाई उठल्या.
"नऊ वर्षं भाजी विकली मी या वाफ्यातली.
दहाला जुडी. बाळंतीण असली घरात,
तर वर एक जादा.
आता तू सांग,
कुणाकुणाच्या दारात जाऊ?"

माझ्या कागदावर हे नव्हतं.

उन्हाळ्यात काम निघालंय.
वरची माती खरवडून, पिंपांत भरून, लांब नेणार.
लांब म्हणजे कुणाच्या गावाला, विचारलं मी.
उत्तर यायचंय.
खाली जाड कापड, त्यावर मुरूम दोन फूट,
त्यावर लाल माती:
खेळाचं मैदान. पोरांनी पहिल्या दिवशीच ठरवलेलं,
महापालिकेला आठ महिने लागले.
अकरा नंबरावर आराखड्यात बाक आहे.
मी नाही बसणार त्यावर, तानूबाई म्हणतात.

रविवारी आम्ही दोघी निघतो.
त्यांना नावं आठवत नाहीत, दारं आठवतात.
निळं दार. जुळ्यांचं दार.
कुत्रं अंगावर येणारं दार.
एकीनं तोंडावर कडी लावली.
एक नुसती रडली, मग पोराला हाक मारली,
त्याची नखं बघत राहिली.
सातव्या दारातल्या बाईनं सगळं ऐकून घेतलं,
दवाखान्याची चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली,
आत गेली.
बाहेर आली ती दहाची नोट घेऊन.

"मागच्या जुडीचे राहिले होते, मावशी."