प्रश्न अकरावा

बुधवार. आर्थर रोड, दवाखान्यामागची खोली.
टेबलाचा एक पाय आखूड,
खाली घडी घातलेला कसलासा कागद.

प्रल्हाद घोसाळकर, वय तेवीस, मोबाईलचोरी.
दोन वर्षं कच्चा कैदी.
मध्ये जामीन मिळाला, तारीख चुकवली.
"चुकवली नाही बाई, निघालो होतो.
भायखळ्याच्या पुलाखाली एक म्हातारा
घड्याळ उघडून बसलेला. एवढंसं चाक.
बघता बघता चार वाजले."

मी फॉर्म वाचते: समोरचा बोलत असताना
तुमचं लक्ष दुसरीकडे जातं का?
कधीच नाही, क्वचित, बरेचदा, नेहमी.
"टोपण चावता तुम्ही," तो म्हणतो.
"आणि बाहेर जमादार
तिसऱ्यांदा तीच चुकीची किल्ली लावतोय."

फायलीत आधीच कुणी लिहून ठेवलंय:
उद्धट. शिस्त नाही. स्वभावदोष.
चौथीच्या प्रगतिपुस्तकातही हेच असणार,
अक्षर तेवढं वेगळं.
गिनतीला दोनशे जण उकिडवे बसतात,
हा मधेच उठतो.
त्याची खूण पाठीवर आहे,
माझ्या फॉर्मात पाठीला रकाना नाही.

नेहमी. मी टिक करते.
अठरापैकी सोळा.
पुढे शिफारस, शिफारस साहेबांकडे,
साहेब सोमवारपर्यंत रजेवर.

शिपाई हाक मारतो. तो दारात थबकतो.
"बाई, टेबलाखालचा कागद
जामिनाचा अर्ज आहे कुणाचातरी.
अंगठा दिसतोय."

मी वाकते.
टेबल कलतं, सगळे फॉर्म घसरतात.