डावी पेटी

एकोणीस वर्षं मेस्त्रेला दातांचे साचे केले.
दुकान बंद झालं, आणि ऑक्टोबरात
बुरानोला परतले, वडिलांच्या खेकड्यांत.

उल्देरिको, माझे वडील, शिकवत वगैरे नाहीत.
एक खेकडा उताणा करून तळहातावर ठेवला,
म्हणाले, बघ.
बघितलं. पोटाखाली दुमडून घेतलेली शेपटी,
निमुळती, म्हणजे नर.
मादीची रुंद, एप्रनसारखी,
अंडी पोटाशी धरायला.

डोकं कुठे संपतं, छाती कुठे सुरू होते, विचारलं
तर हसले. संपतच नाही.
मान नाही ह्याला, मागे वळून बघणं नाही;
बघायचं तर डोळेच देठावर उचलून धरायचे.
काळीज पाठीत.
ओठात एक पोटात एक म्हणतात,
ह्याचे तर दातच पोटात,
जठरात बसून दळतात, जात्यासारखे.
असा पेशंट मेस्त्रेला कधी आला नाही.

पाय दहा. दोन नांग्या, आठ चालायला, तेही आडवं,
सांधे बिजागरीसारखे, एकाच अंगाला उघडणारे.
आत हाड म्हणून नाही.
हाड तेच घर, घर तोच अंगरखा,
आणि वाढायचं तर शिवण उसवायलाच हवी.

आमचा धंदा त्या शिवणीवर.
कात टाकायच्या आदल्या दिवशी
कवचाच्या कडेला रेघ उमटते,
ओल्या कागदावर पेन्सिल नुसती टेकवावी, एवढीच.
रेघ दिसली तो उजव्या पेटीत: उद्या मऊ,
परवा रिआल्तोच्या बाजारात, सोन्याच्या भावानं.
ज्यांना यंदा व्हायचंच नाही ते मात्ती, म्हणजे वेडे;
ते फेकायचे परत खाजणात.
मधले, अजून आठपंधरा दिवसांचे, डाव्या पेटीत.
चूक एकच होता कामा नये.
मऊ झालेला टणक भावंडांत राहिला
तर सकाळी हाती लागते ती नांगी.

त्या आठवड्यात सहा नांग्या.
ईल शिरला असेल, म्हणाले, फळी फुटली असेल.
मी पेटी उपसून पाहिली.
फळ्या शाबूत.

मोतीबिंदूची तारीख फेब्रुवारीतली आहे.

तेव्हापासून ते झोपले की मी धक्क्यावर जाते,
जुनं भिंग कपाळाला बांधून, टॉर्च दातांत,
आणि डावी पेटी पुन्हा निवडते.
धुकं असतं. बोटं बधिरतात. दोनदा चावा बसला,
एकदा असा की ओरडता येईना, टॉर्च पडला असता.

परवा एक हातातच सुटायला लागला.
मागची शिवण उघडली आणि पाठमोरा,
आपल्यातून आपण निघाला.
एवढी जाडजूड नांगी त्या अरुंद सांध्यातून कशी ओढणार,
तर आतलं मांस आधीच रोडावलेलं,
ओल्या मोज्यातून पाय निघावा तशी आली.
कल्ल्यांचं अस्तर सोडलं, पोटातले दात सोडले,
डोळ्यांवरची झाकणंसुद्धा.
मागे राहिला एक आख्खा खेकडा, बिनवजनाचा,
एकेक केस जागच्या जागी.
असा साचा मला एकोणीस वर्षांत जमला नाही.
नवा बाजूला पडून होता, निळसर, लोण्यासारखा,
पाणी पिऊन फुगत.
त्याला उजव्या पेटीत ठेवलं.
रिकामा खिशात घातला; घरी येईतो चुरा झाला.

आज सकाळी कॉफी ओतताना
भिंगाच्या पट्ट्याचा वळ माझ्या कपाळावर होता.
तो त्यांना दिसला की नाही, सांगता येणार नाही.
साखर ढवळत म्हणाले,
डावी पेटी उद्यापासून पायरीजवळच्या खुंट्याला बांधू या.
अंधारात तिथे घसरायला होत नाही.